बिनतारी खोक्यातली तार

माझा भाऊ लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत दुरुस्तीचं दुकान चालवतो. रस्त्याचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण त्या नावाने टॅक्सीवाल्याला पत्ता सांगून बघा. माझी लेक व्हॅलोरंट या कॉम्प्युटर गेमच्या कॉलेज संघात खेळते. यंदा कॉलेजच्या गेमिंग क्लबसाठी माउस, कीबोर्ड आणि कंट्रोलर घ्यायचं ठरलं आणि निवडीचं काम तिच्या गळ्यात आलं. दुकानदार सीलबंद खोकं काही उघडून देत नाहीत. म्हणून तिने मित्रमैत्रिणींकडून सामान उसनं आणलं, जेवणाच्या टेबलावर मांडलं आणि रविवारी मामाला बोलावलं. मामाला बिनतारी काहीच पटत नाही. त्याला पटलं तर क्लबच्या खजिनदाराला पटायला हरकत नाही, असा तिचा हिशेब.

मी टिपणं काढायला बसले होते. जिथे राहवलं नाही तिथे मध्ये तोंड घातलंय.

मामा : आधी एक सांग. माउसला तार असली तर तुझं नेमकं काय अडतं?

भाची : ओढ लागते मामा. मी सेन्सिटिव्हिटी कमी ठेवते, त्यामुळे मागे वळायचं तर माउस पॅडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यावा लागतो. तार टेबलाच्या कडेला अडकते, नाहीतर मॉनिटरच्या पायाला. आणि अडकते ती नेमकी नको त्या वेळी.

मामा : मग वर टांग. स्प्रिंगचा स्टँड मिळतो ना त्याला?

भाची : बंजी. आहे माझ्याकडे. तरी शेवटचा वीतभर तुकडा हाताबरोबर फिरतोच.

मामा : आणि त्या वीतभर तुकड्यासाठी तू बॅटरी, रेडिओ, डोंगल, एवढा संसार घेणार. तारेत बिघडून बिघडून काय बिघडतं? ती तुटते. मल्टीमीटर लावला, बीप वाजला नाही, तार बदलली, गिऱ्हाईक घरी. रेडिओत काय बिघडलं ते कोणाला दिसतं?

भाची : पण बिघडतो कधी? तू जे बिनतारी माउस बघितलेस ते ऑफिसातले. ते सेकंदाला १२५ वेळा आपली हालचाल कळवतात, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी एकदा. गेमिंगचा माउस हजार वेळा कळवतो, दर मिलिसेकंदाला. आता तर ८००० वाले आलेत. आणि हे आकडे तारेच्या आणि बिनतारी माउसचे सारखेच आहेत.

मामा : खोक्यावर सारखे आहेत. तुझा मॉनिटर किती हर्ट्झचा?

भाची : १४४.

मामा : म्हणजे एक चित्र पडद्यावर सुमारे ७ मिलिसेकंद राहतं. तेवढ्यात तुझा आठ हजारवाला पंचावन्न निरोप धाडणार. चित्र एकच निघणार. उरलेल्या चोपन्न निरोपांचं लोणचं घालायचं?

भाची : ते फुकट जात नाहीत रे, गेम त्यांची बेरीज करतो. पण ८००० ला मी पण भुलत नाही. प्रोसेसरला काम वाढतं आणि शंभरेक तास चालणारी बॅटरी वीस तासांच्या खाली येते. मी १००० वरच खेळते.

मामा : आणि तुझा हात? डोळ्याने दिसल्यापासून बोट दाबेपर्यंत माणसाला २०० मिलिसेकंद तरी जातात. त्यात एक-दोनाने काय फरक पडतो?

भाची : दोघांनाही २०० लागत असतील तर निकाल उरलेल्या पाच-सातावरच लागणार ना? आणि नेम धरायचा म्हणजे एकदा बघायचं आणि एकदा दाबायचं, असं नसतं. हात हलतो, पडद्यावरची नेमाची खूण (क्रॉसहेअर) हलते, डोळा बघतो, हात परत सावरून घेतो, असं सारखं चालू असतं. उशीर ठरलेला असेल तर हात तो शिकून घेतो. पण आत्ता ५, मग १५, मग परत ५ असं व्हायला लागलं की हाताला शिकताच येत नाही. मला भीती त्याची आहे.

मामा : हे मात्र बरोबर बोललीस.

इथे मामा पहिल्यांदा खुर्चीत सावरून बसला. उशीर सरासरी किती आणि तो खालीवर किती होतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि खोक्यावर छापलेली असते ती फक्त पहिली. माझ्यासारख्या न खेळणाऱ्या बाईलाही एवढं कळलं की उरलेला दिवस दुसरीच्या मागे जाणार.

भाचीने एक युक्ती काढली. तिच्याकडच्या बिनतारी माउसला चार्जिंगची तार लागते. तीच तार कॉम्प्युटरला जोडली की माउस तारेवर चालायला लागतो. पण दुसरं टोक पॉवर बँकेत खोचलं तर तारेतून नुसता करंट येतो आणि माउसचे निरोप डोंगलकडे, म्हणजे कॉम्प्युटरला खोचलेल्या छोट्या रिसीव्हरकडे, हवेतूनच जातात. हाताला दोन्ही वेळा तीच तार, तेच वजन, तीच ओढ. फक्त टेबलाखाली टोक कुठे खोचलंय हे खेळणाऱ्याला दिसता कामा नये. ते काम माझ्याकडे आलं. लेकीलाही कळू नये म्हणून मी नाणं उडवून टोक बदलत होते. काही जोडलं-काढलं की विंडोज जो टिंगटाँग आवाज करतं तो तिने आधीच बंद केला होता, आणि माउसच्या कपाळावरच्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली होती.

मामा गेम खेळत नाही. त्याने आधी पेंट उघडून गोल काढले, सरळ रेघा मारल्या, मग सरावाच्या खोलीतल्या पुतळ्यांवर गोळ्या झाडल्या. मधेच भाचीने माउस गुपचूप १२५ वर आणला, तर याने लगेच मान वर केली. “हा खरखरतोय.” ब्लूटूथवर टाकला, तेही त्याला कळलं, गोलाला कोपरे येतात म्हणाला. त्यात नवल नाही. आजवरच्या माउस-कीबोर्डात बहुधा असतं ते कमी ऊर्जेचं ब्लूटूथ, आणि ते फार तर दर ७.५ मिलिसेकंदांनी बोलू शकतं. डोंगल आणि माउस यांची भाषा कंपनीची खासगी असते, तिला ही अट नाही. म्हणून तार की डोंगल, हे मात्र त्याला ओळखता येईना. माझं नाणं मी त्यालाच उडवायला दिलं असतं तरी तितकीच उत्तरं बरोबर आली असती. लेकीचंही तेच झालं, आणि ती रोज खेळते.

मामा : ठीक आहे. या टेबलावर, या घडीला, फरक कळत नाही. ताई, असंच लिही हं. या टेबलावर, या घडीला. आता माझी पाळी.

त्याने काय केलं ते सांगते. टेबलावर लांब वायरच्या टोकाला उभा असलेला डोंगल काढला आणि कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला, भिंतीकडच्या निळ्या पोर्टात खोचला. शेजारच्या निळ्या पोर्टात माझी बाहेरची हार्ड डिस्क लावली आणि एका चुलतभावाच्या लग्नाचे व्हिडिओ कॉपी करायला टाकले. मग भाचीला म्हणाला, “आता खेळ.” पडद्यावरचा बाण सरळ जाता जाता थबकायला लागला आणि थबकला की एकदम बोटभर पुढे उडायला लागला. कॉपी थांबवली की सुरळीत. परत चालू केली की परत तेच.

मामा : ही निळी पोर्टं म्हणजे यूएसबी ३, सेकंदाला ५ गिगाबिट वाहून नेतात. त्या वेगाचा गोंगाट नेमका तुझा डोंगल बोलतो त्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर पडतो. हे माझं म्हणणं नाही, इंटेलने २०१२ साली कागद काढून सांगितलंय. तुझा डोंगल त्या गोंगाटाच्या मांडीवर बसलाय, वर मध्ये लोखंडी कॅबिनेट. माझ्याकडे आठवड्याला कोणी ना कोणी येतं, माउस गेला म्हणून. माउस ठणठणीत असतो. मी डोंगल पुढच्या पोर्टला लावून देतो.

भाची : आणि पैसे?

मामा : चहाचे.

भाची : पण हे टाळता येतं म्हणून तर खोक्यात लांब वायर देतात. डोंगल तिच्यावर लावायचा आणि माउसजवळ ठेवायचा.

मामा : अगं हो, तेच म्हणतोय मी! बिनतारी माउसच्या खोक्यात तार. डोंगल माउसपासून २० सेंटीमीटरच्या आत ठेवा असं कंपन्या स्वतःच सांगतात. वीतभर अंतरासाठी रेडिओ कशाला हवा?

भाची : मामा, तार असण्याला माझी हरकत नाहीच आहे. ती माझ्या हाताला बांधलेली असण्याला आहे. डोंगलची तार एका जागी पडून राहते, तिची ओढ मला लागत नाही.

हा वाद इथेच मिटायला हवा होता, इतकं हे चपखल आहे. पण मामाला एका प्रश्नाचं उत्तर मिळालं की तो दुसरा प्रश्न काढतो.

मामा : घरी ठीक. पण तुमच्या बिल्डिंगमध्ये वायफायची यादी उघडली की किती नावं येतात? बरीचशी याच पट्ट्यात. ब्लूटूथ याच पट्ट्यात. तुझ्या आईचा मायक्रोवेव्ह याच पट्ट्यात. २००५ मध्ये सरकारने २.४ चा पट्टा परवान्याशिवाय खुला केला, तेव्हापासून तिथे दादर स्टेशन झालंय.

भाची : पण माउस एका जागी उभा राहत नाही ना. जिथे गर्दी दिसेल तिथून उडी मारून दुसऱ्या वारंवारितेवर जातो. साधं ब्लूटूथसुद्धा ७९ वाटांवरून सेकंदाला १६०० उड्या मारतं. ही कल्पना कोणाकोणाला सुचली होती माहितीये? हॉलिवूडच्या नटीलासुद्धा, हेडी लमारला. तिने आणि जॉर्ज अँथेल नावाच्या संगीतकाराने १९४२ मध्ये पेटंट घेतलं. पाणतीराला रेडिओने दिशा द्यायची, पण शत्रूला ती अडवता येऊ नये म्हणून वारंवारिता बदलत राहायची. पियानोला ८८ पट्ट्या असतात, तशा ८८ वारंवारिता.

मामा : आणि त्या वेळी नौदलाने ती वापरली का?

भाची : नाही वापरली.

मामा : वाटलंच.

भाची : त्यात तिचा काय दोष? बरं, तुझा प्रश्न खरा कुठे लागू पडतो सांगू? स्पर्धेच्या हॉलमध्ये. शंभर पोरं, शंभर डोंगल, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल. म्हणून आम्हाला हॉटस्पॉट बंद करायला लावतात आणि डोंगल पॅडला चिकटून ठेवतो आम्ही. तरी व्यावसायिक काउंटर-स्ट्राइक आणि व्हॅलोरंटवाले आता बहुतेक बिनतारी माउसवरच खेळतात, भरलेल्या स्टेडियममध्ये. तिथे लाखोंची बक्षिसं असतात. मुळात अडत असतं तर त्यांनी तारच घेतली असती.

मामा : त्यांना माउस फुकट मिळतो. गेला तर दुसरा मिळतो.

भाची : हं. हे आहे.

कीबोर्डचं प्रकरण तासाभरात आटोपलं, कारण मामाने पहिल्याच वाक्यात तिची विकेट काढली.

मामा : कीबोर्ड काय फिरायला जातो?

भाची : टेबल छान मोकळं दिसतं.

मामा : दिसतं.

भाची : आणि खेळताना मी तो तिरका ठेवते, तार आडवी येते.

मामा : मागून डाव्या बाजूने काढ. बाळा, माउसचं तुझं म्हणणं मला कळलं, तो हातात फिरतो. हा एका जागी पडलेला असतो आणि याला दिवे किती! दिवे लावले की महिनाभराची बॅटरी आठवड्यावर येते. मग चार्जिंगची तार लावून खेळणार. बिनतारी कीबोर्ड, कायम तार लावलेला.

भाची : आमच्यात सगळ्यांना आता चुंबकाची बटणं हवी असतात. साध्या यांत्रिक बटणाला ठरलेली खोली असते, म्हणजे चेरीचं लाल बटण २ मिलिमीटर दाबलं की लागतं आणि त्याच खोलीच्या वर आलं की सुटतं. चुंबकाचं बटण किती खाली गेलंय हे सेन्सर सारखा मोजत असतो. बोट केसभर वर उचललं की बटण सुटलं. पळता पळता एकदम थांबून गोळी मारायची तर त्याने फार फरक पडतो.

मामा : आणि त्यातला तुमच्या लोकांचा सगळ्यात लाडका कुठला?

भाची : वूटिंगचा ६०एचई.

मामा : बिनतारी आहे?

भाची : नाही. तारेचा आहे.

मामा : ताई, लिहिलंस?

लिहिलं. खरं तर या बटणांवरून एक वेगळाच वाद झालेला आहे. दोन उलट दिशांची बटणं एकदम दाबली तर शेवटचं कुठलं धरायचं हे कीबोर्डच ठरवून देतो, अशी सोय काही कंपन्यांनी आणली. ऑगस्ट २०२४ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने काउंटर-स्ट्राइक २ या आपल्या गेमच्या सामन्यांत तिला बंदी घातली, कारण बोटाने कमवायचं कौशल्य यंत्र आयतं देत होतं. माझं मत विचाराल तर बंदी योग्य आहे. लेकीचंही तेच मत आहे. फक्त बंदीच्या आधी तिने ती सोय वापरली होती, हे तिने हळूच सांगितलं.

मामाकडे कीबोर्डबद्दल आणखी एक पत्ता होता. २०१६ मध्ये बॅस्टिल नावाच्या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं की बऱ्याच कंपन्यांचे बिनतारी माउस-कीबोर्डचे डोंगल कोणाचंही ऐकतात. शंभरेक मीटरवरून, स्वस्तातलं रेडिओ उपकरण घेऊन, तुमच्या कॉम्प्युटरवर बटणं दाबल्याचा बनाव करता येत होता. ब्लूटूथवाले त्यातून सुटले होते. चांगल्या कंपन्या आता निरोप कुलूपबंद करून पाठवतात, असं भाची म्हणाली. मामा म्हणाला, चांगल्या. आणि उसनं आणलेल्या सामानातल्या एका बिननावाच्या, इंद्रधनुषी दिव्यांच्या कीबोर्डकडे त्याने नुसतं बोट केलं.

कंट्रोलरवर मी वेगळ्याच भांडणाची तयारी ठेवली होती. तारेचा कैवारी इथेही तार धरून बसेल असं वाटलं होतं.

मामा : नाही, कंट्रोलर बिनतारीच. आमच्या लहानपणी ते ‘९९९९ इन १’वाले व्हिडिओ गेम होते ना, मारिओ आणि काँट्राचे, त्यांची वायर हातभर. टीव्हीपुढे नाक टेकून बसायचं. आजी देवघरातून निघाली की वायरीत पाय. डबाच खाली यायचा. त्या डब्यांच्या पिना सरळ करता करताच मी हे काम शिकलो. पलंगावर बसून दहा फुटांवरच्या टीव्हीवर खेळायचं तर तार कशाला?

भाची : निन्टेंडोने २००२ मध्ये वेव्हबर्ड काढला होता, गेमक्यूबसाठी. तोही याच २.४ वर चालायचा. साध्या दोन पेन्सिल सेलवर चालावा म्हणून त्यातली थरथर काढून टाकली होती. शेजारच्याच्या कंट्रोलरशी गोंधळ नको म्हणून १६ चॅनेलची चकती होती, हाताने फिरवायची. लोक अजून जपून ठेवतात तो.

मामा : मला विचारशील तर कंट्रोलरच्या उशिराची चर्चाच फुकट आहे. टीव्ही बघ आधी. टीव्ही चित्र गोंडस करायला बसतो, रंग सुधारतो, हालचाल गुळगुळीत करतो, त्यात पन्नास-शंभर मिलिसेकंद सहज खातो. लोक दहा हजारांचा कंट्रोलर घेतात आणि टीव्हीचा गेम मोड चालू करत नाहीत.

भाची : तो फुकट असतो म्हणून. हे मी क्लबच्या भिंतीवर लिहिणारे.

मग मामाने पिशवीतून दुकानातला एक मेलेला कंट्रोलर काढला. चार स्क्रू काढले, कडेने पत्ता फिरवून कवच उघडलं आणि डाव्या स्टिकचा छोटा चौकोनी डबा सोल्डर काढून बाजूला केला. डब्याच्या दोन अंगांना दोन हिरव्या टिकल्या होत्या, एक आडव्या हालचालीची, एक उभ्या. एक टिकली नखाने उचकली. आत घोड्याच्या नालासारखा काळा पट्टा आणि त्यावर फिरणारा पितळी पायांचा चिमुकला तुकडा. भिंगातून बघितलं तर काळ्या पट्ट्याच्या बरोबर मध्यावर दोन पांढुरके चरे पडले होते आणि कडेला काळी पूड साठली होती.

मामा : हा कार्बनचा पट्टा. स्टिक हलवली की हा पाय त्यावर घासतो, रोध बदलतो, त्यावरून कंट्रोलरला कळतं की स्टिक किती कलली. आता खेळणारा स्टिक सोडतो ती कुठे येते? मध्यावर. निघते तीही मध्यावरूनच. म्हणून झिजतो तो मध्य. मध्यावरचा आकडा सरकला की स्टिकला हात न लावता माणूस आपला चालायला लागतो.

भाची : ड्रिफ्ट.

मामा : ड्रिफ्ट. पोरं फुंकर मारतात, कोणी आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडतं. पूड निघते, चार दिवस बरं वाटतं. घासून गेलेला कार्बन थोडाच परत येणार? ही पन्नास-साठ रुपयांची वस्तू झिजते आणि दहा हजारांचं खेळणं माळ्यावर जातं. आणि हे बघ, यात तार की बिनतारी याचा काही संबंध नाही. तारेचा असता तरी असाच गेला असता.

भाची : म्हणून हॉल इफेक्टच्या स्टिक आल्यात. स्टिकच्या खाली चुंबक, बाजूला सेन्सर, दोघांचा एकमेकांना स्पर्शच नाही. घासणार काय?

मामा : ‘आल्यात’ काय म्हणतेस! एडविन हॉलने हे १८७९ मध्ये शोधलं. सेगाच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये १९९८ सालीच चुंबकाची स्टिक होती. मधली वीस-पंचवीस वर्षं बहुतेकांनी कार्बन घासला, कारण तो स्वस्त.

मला विचाराल तर त्या दिवशीचं सगळ्यात कामाचं हेच निघालं. सकाळपासून जो मिलिसेकंदांचा काथ्याकूट चालला होता, त्याच्याशी या पांढऱ्या चऱ्यांचा काही संबंध नव्हता. भाची चाचणी घेत होती ती आजच्या सामन्याची. मामा तीन वर्षांनी वस्तू कुठल्या अवस्थेत त्याच्या टेबलावर येणार याची घेत होता. क्लबला दोन्ही हव्यात, कारण तिथे एक माउस चाळीस हातांतून जातो.

हातांवरून मुंबईच्या हवेकडे विषय वळला. जुलै-ऑगस्टमध्ये कापडी माउसपॅड ओलावा धरतं आणि माउस चिखलातून ओढल्यासारखा चालतो. संघातली पोरं तेव्हा पॅडवरून हेअर ड्रायर फिरवतात, हे मला नव्याने कळलं. मामाने त्याच्या परीने भर घातली.

मामा : जे माउस हाताला मखमली लागतात ना, रबरासारखे, ते घेऊ नका. दोन-तीन पावसाळे झाले की तो लेप चिघळतो. हाताला काकवी लागल्यासारखं होतं. नुसतं खरखरीत प्लॅस्टिक बरं.

भाची : आणि डबल क्लिक?

मामा : एकदा दाबलं आणि दोनदा लागलं, ते? आतल्या तांब्याच्या पातीवर गंज धरतो, ती झिजते, आणि दाबल्यावर थरथरते. आता ऑप्टिकल बटणं येतात, त्यात पातीच्या ऐवजी प्रकाशाचा किरण अडतो. थरथरायला काही नाहीच. ती घ्या. पण बॅटरी बदलता येते का हे आधी बघ. लिथियमचा सेल आत चिकटवलेला असतो आणि चार वर्षांनी तो फुगतो. पेन्सिल सेलवाला घेतलास तर सेल गेला, दुसरा घातला.

भाची : पेन्सिल सेल २३ ग्रॅमचा असतो मामा. हलके माउस सगळे मिळून साठ-त्रेसष्ट ग्रॅमचे आहेत. माउसच्या वजनाच्या एक तृतीयांश मी सेलच फिरवत बसू?

मामा : लिथियमचे पेन्सिल सेल १५ ग्रॅमचे येतात.

भाची : आणि किमतीला?

मामा : किंमत विचारू नको. पण क्लबला चार रिचार्जेबल सेल आणि एक चार्जर परवडतो. सामना चालू असताना बॅटरी मेली तर तुझा तो त्रेसष्ट ग्रॅमचा काय करणार? तार लावून खेळणार. म्हणजे आलीस ना परत माझ्याकडे?

भाची : मी आदल्या रात्री चार्ज करते.

मामा : तू करतेस. चाळीसजणांपैकी कोण करणार?

याचं उत्तर तिने दिलं नाही, पण तिच्या वहीत माउसच्या दोन ओळी झाल्या. स्पर्धेच्या संघासाठी हलके, आत बॅटरीवाले. क्लबमध्ये येऊन-जाऊन खेळणाऱ्यांसाठी पेन्सिल सेलचे. कीबोर्डपुढे ‘तार’ एवढाच शब्द. कंट्रोलरपुढे ‘हॉल’ लिहून प्रश्नचिन्ह.

मामा : प्रश्नचिन्ह कशाला?

भाची : स्वस्तातल्या हॉलच्या स्टिक मध्यावर नीट परत येत नाहीत असं ऐकलंय. स्प्रिंग सैल असते.

मामा : मग मोज. कॉम्प्युटरला लाव, स्टिक सगळीकडे फिरवून सोड, आकडा शून्याच्या किती जवळ येतो बघ. प्रत्येक बाजूने सोडून बघायचं, एकाच बाजूने नाही. तू उसना आणलायस तो कुठला?

भाची : तो कार्बनवालाच आहे आणि ड्रिफ्ट मारतोय. ज्याचा आहे तो म्हणाला, मामा हॉलच्या स्टिक बसवून देणार असेल तर उघडा खुशाल.

मामा : फुकट?

भाची : असं काही बोलला नाही तो.

मामा : एका स्टिकला चौदा टाके. दोन स्टिकचे अठ्ठावीस. जुनं सोल्डर ओढून काढताना बोर्डाचा एक ठिपका जरी उखडला तर कंट्रोलर गेला. वर बसवल्यावर कॅलिब्रेशन, ते नाही केलं तर नवी स्टिकसुद्धा वाकडी चालते. स्टिकचे पैसे त्याचे. टाके तू काढायचेस, मी शेजारी उभा राहीन.

भाची : मी? मी सोल्डरिंग आयर्न हातात धरलेलं नाहीये कधी.

मामा : दुकानात मेलेले डझनभर आहेत, आधी त्यांच्यावर हात बसव. उद्या अकराच्या आत ये, नंतर गिऱ्हाईकं येतात. आणि केस बांधून ये.